अँजिओप्लास्टीनंतर जांघेत उठलेली गाठ : कळव्यातलं एक प्रकरण

रुग्ण ६६ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. राहायला खारेगावात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. १४ वर्षांपासून मधुमेह, त्याच्याही आधीपासून रक्तदाब, आणि गालात तंबाखूचा बार. महिन्याच्या महिन्याला साखर तपासायला माझ्याकडे येत आणि दर वेळी बार सोडल्याचं सांगत. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील इथे बदलले आहेत.

जुलैतल्या एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, जबडा आणि डावा खांदा भरून आला. मुलाने वेळ न घालवता ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसला. कॅथलॅबमध्ये आधी उजव्या मनगटातून प्रयत्न झाला, पण तिथली धमनी आकसली, वर कोपराजवळ तिला वेटोळं होतं आणि तार पुढे सरकेना. झटका चालू असताना मनगटाशी झटापट करत बसायला वेळ नसतो. डॉक्टरांनी उजव्या जांघेतून वाट धरली, उजव्या कोरोनरी धमनीतला अडथळा उघडला आणि एक स्टेंट बसवला. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत आणखी एक अडथळा होता, ७० ते ८० टक्के. तो काही आठवड्यांनी बघायचं ठरलं. हृदयाचं पंपिंग ५० टक्क्यांवर टिकलं. चौथ्या दिवशी सुटी.

झटक्याचा उपचार वेळेत आणि चोख झाला होता. पुढचं सगळं प्रकरण जांघेतल्या छिद्राचं आहे.

घरी

सुटीच्या वेळी जांघेत तळहाताएवढा काळानिळा डाग होता. तो बहुतेकांना असतोच. धमनीत घातलेली नळी, म्हणजे शीथ, काढल्यावर २० मिनिटं हाताने दाब दिला होता, पट्टी बांधली होती, रात्रभर पाय सरळ ठेवून झोपवलं होतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी आणि सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ : जांघेची काळजी घ्या, सूज आल्यास कळवा. घरात कार्ड वाचणारा मुलगाच, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरीला. त्याने गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. ती शेवटची ओळ तक्त्यात आली नाही.

काका रिक्षाने घरी आले आणि तीन मजले स्वतः चढले. ‘धरू नका, मला काय धाड भरलीय’ हे त्यांचं वाक्य काकूंनी मला नक्कल करून ऐकवलं. घरात बैठा संडास. रुग्णालयात बेडपॅनवर त्यांना होईना, त्यामुळे घरी येईपर्यंत पोट कडक झालेलं. उकिडवं बसून कुंथायचं आणि मग नळाला धरून उठायचं, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना जांघेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. कळ आली, ओसरली, ते कुणाला बोलले नाहीत. संध्याकाळी पायजम्याची नाडी बांधताना हाताला लिंबाएवढी गाठ लागली.

मग घरात एकामागून एक निदानं झाली. काकूंची बहीण साताऱ्याहून बघायला आली होती, तिच्या मते तो मुका मार. तिने आंबेहळद उगाळून गरम लेप लावला. समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, अवधाण आलंय, पायाला कुठेतरी लागलं असणार, त्यात साखर, म्हणजे बेंड धरणार. नाक्यावरच्या दवाखान्यात चीर देऊन मोकळे व्हा. मुलाने मोबाइलवर शोधलं तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो असं सापडलं. त्याने त्या रात्रीची टिकाग्रेलॉर दिली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचीही नाही. ॲस्पिरिन चालू ठेवली, कारण ती ‘साधी’ गोळी.

यातलं कुणी अडाणी नव्हतं. प्रत्येकाचं अर्धं बरोबर होतं, पंचाईत ती होती. जांघेत रक्त खरंच साठलं होतं. मधुमेह असणाऱ्याला बेंड खरंच होतं. आणि गोळ्यांमुळे छिद्र बुजत नव्हतं हेही खरंच.

तपासणी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दवाखान्यात आले ते ‘मांडी दुखते’ म्हणून. गाठीचा विषय काकूंनी काढला.

‘पायजमा सैल करा, काका.’

‘वरूनच बघा ना मॅडम. मांडीच दुखतेय, तिथं काय बघायचं?’

बाकीच्यांना बाहेर बसवलं, काकूंना आत ठेवलं, पडदा ओढला. हे सविस्तर लिहिते आहे, कारण जांघेतल्या गुंतागुंतीला उशीर होतो त्यात लाजेचा वाटा मोठा असतो. सलाइनच्या सुईमुळे हातावरची शीर लाल होऊन दुखायला लागली तर रुग्ण आल्याआल्या हात पुढे करतो. जांघ तो स्वतःहून दाखवत नाही, बायकोलाही नाही. आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही चादर जराशी उचलून, पट्टी कोरडी आहे ना, एवढंच बघून पुढे जातो.

लेप वाळून त्याचा पिवळा थर झाला होता. खालची कातडी लाल आहे, काळी पडली आहे की ताणून चकाकते आहे, काहीच कळेना. ओल्या कापसाने तो आधी पुसून काढावा लागला. खाली काळानिळा डाग जांघेपासून अर्ध्या मांडीपर्यंत उतरला होता, कडा पिवळट झालेल्या. म्हणजे त्यातला बराच भाग जुना. मधोमध साधारण ४ सेंटिमीटरची गाठ, कोमट आणि दुखरी. कातडी शाबूत. अंगात ताप ९९.४. साठलेलं रक्त शोषलं जाताना एवढी कणकण येते. तेवढ्यावरून पू ठरवता येत नाही.

दोन्ही हातांची बोटं गाठीच्या दोन बाजूंना ठेवली. प्रत्येक ठोक्याला ती वर उचलली जात होतीच, शिवाय एकमेकांपासून दूर सरकत होती. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या धमनीवर बसलेली कुठलीही गाठ उडते, अवधाणाचीही उडेल. पण जी गाठ चहूबाजूंनी फुगते तिच्या आत धमनीचं रक्त खेळत असतं. तिच्यावर स्टेथोस्कोप टेकवला तर प्रत्येक ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू आली, मधल्या काळात शांत. हीच घरघर अखंड चालू राहिली असती तर धमनी आणि शेजारची नीला एकमेकींत उघडल्याचा, म्हणजे फिस्टुलाचा संशय घेतला असता.

रक्तदाब १२२/७४. एरवी १४०च्या घरात असणारे काका, पण रामिप्रिल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही नव्याने सुरू झालेल्या, त्यामुळे यावरून फार काही ठरत नव्हतं. नाडी ७८. तिच्यावरही पूर्ण भरवसा नाही, कारण मेटोप्रोलॉल नाडीला पळू देत नाही. रक्त जात असलं तरी ती आपली संथच. म्हणून पाठ आणि कूस नीट दाबून पाहिली. सुईचं छिद्र जांघेच्या सांध्याच्या वर पडलं असेल तर रक्त मांडीत न उतरता पोटामागच्या पोकळीत साठत जातं. बाहेर डाग दिसत नाही, रुग्ण कंबर दुखते म्हणत राहतो आणि कोसळतो. इथे पोट मऊ होतं, पाठीत दुखत नव्हतं.

पोटरी मऊ, पायाला सूज नाही, म्हणजे गाठ शेजारच्या नीलेला दाबत नव्हती. गुडघा ताठ करायला ताकद होती, मांडीच्या पुढच्या भागाला स्पर्श कळत होता, म्हणजे मज्जातंतूही सुटा होता. पावलावर आणि घोट्यामागे दोन्ही नाड्या लागल्या. त्या जिथे लागल्या तिथे बॉलपेनने फुल्या मारल्या. पुढे रुग्णालयात प्रत्येकाने नव्याने शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

एकच गोळी, दोन कामं

दुखणं होतं स्युडोअॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा खोटा फुगवटा. खऱ्या फुगवट्यात धमनीची भिंतच तिन्ही थरांसकट ताणून फुगलेली असते. इथे भिंतीला भोक असतं. रक्त त्यातून बाहेर येतं, आजूबाजूचे स्नायू आणि गोठलेलं रक्त त्याला अडवतात, आणि मधल्या पोकळीत ते ठोक्यागणिक आत-बाहेर करत राहतं. पोकळीला धमनीशी जोडणारी एक अरुंद मान असते. रस्त्याखालची पाइपलाइन फुटली की पाणी वर न उसळता डांबराखाली साठतं आणि रस्ता फुगतो, तसं. त्या फुगलेल्या डांबरावर कुदळ मारली की काय होईल ते ठाणेकरांना सांगायला नको. बेंड समजून चीर दिली असती तर मांडीच्या मुख्य धमनीचं रक्त थेट बाहेर आलं असतं, आणि नाक्यावरच्या दवाखान्यात ते थांबवणं कुणालाच जमलं नसतं. आत काय आहे ते बघायला सुई घालून ओढणंही धोक्याचंच.

चीर टळली होती. गोळीचं काय, हा प्रश्न मला त्याहून अवघड वाटत होता, कारण ती चूक करून बसलेला मुलगा समोर होता आणि त्याचा तर्क सरळ होता.

‘मॅडम, रक्त बाहेर येतंय आणि आपण रक्त पातळ करायची गोळी द्यायची?’

स्टेंट ही धातूची जाळी. धमनीचं अस्तर तिच्यावर चढायला आठवडे, महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर प्लेटलेट चिकटून गुठळी व्हायची भीती असते, आणि पहिला महिना सर्वात नाजूक. झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटसाठी ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला टिकाग्रेलॉर किंवा तत्सम गोळी साधारण वर्षभर चालवतात ती याचसाठी. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, कारण तिचा असर लवकर उतरतो. दोन डोस चुकले म्हणजे एक अख्खा दिवस स्टेंट एका ॲस्पिरिनच्या भरवशावर होता. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती हृदयाच्या स्नायूचा घास घेते, आणि यात पुष्कळ लोक दगावतात. जांघेतली गाठ दाबता येते, टोचून बंद करता येते, अगदीच झालं तर टाके घालता येतात. दोन्ही धोक्यांचं वजन सारखं नव्हतं.

मी तिथूनच हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला, काय सापडलं ते सांगितलं. त्यांचं उत्तर दोन वाक्यांत आलं : गोळी आत्ता द्या, आणि आजच घेऊन या. मुलगा पिशवीत गोळ्या घेऊनच आला होता. काकांनी दवाखान्यातच गोळी घेतली.

मुलाला एक वाक्य मात्र लिहून दिलं, आणि ते माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना लागू आहे. स्टेंटची गोळी थांबवायची असेल तर तो निर्णय स्टेंट बसवणाऱ्याचा; दात काढणाऱ्याचा नाही, शेजाऱ्याचा नाही, आणि त्याला न विचारता माझाही नाही.

पूल ओलांडून

कळव्यातून ठाण्यात जायचं म्हणजे संध्याकाळी पुलावरची कोंडी. रिक्षा बाहेर उभी होती, काका तिच्यात चढायला निघाले होते. रिक्षात मांडी काटकोनात वाकते, जांघेवर ताण येतो आणि खड्ड्याखड्ड्याला हिसके बसतात. ही गाठ घेऊन तो प्रवास नको होता. मुलाच्या मित्राची गाडी आली, पुढची सीट मागे पाडून पाय सरळ ठेवून काकांना निजवलं. मुलाला दाबायची जागा दाखवली. वाटेत गाठ झपाट्याने वाढली किंवा रक्त बाहेर आलं, तर सपाट निजवायचं आणि कातडीवरच्या छिद्राच्या किंचित वर, दोन बोटं पोटाकडे, तळहाताने जोर लावायचा, कारण सुई तिरकी जाते आणि धमनीतलं भोक कातडीवरच्या भोकाच्या वरच्या अंगाला असतं. हात सोडायचा नाही, डोकावून बघायचं नाही, दुसऱ्याने १०८ लावायचा. तशी वेळ आली नाही. एरवी अशी गाठ कुणाच्या घरात दिसली, कातडी काळी पडू लागली, पाय गार पडला किंवा चक्कर आली, तर गाडी शोधत न बसता आधी १०८.

डॉपलर आणि थ्रॉम्बिन

रात्री साडेआठला डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली. पडद्यावर गाठीच्या अर्ध्या भागात लाल आणि अर्ध्यात निळा रंग गरगरत होता. रक्त एका बाजूने आत येतंय, दुसऱ्या बाजूने परततंय. पोकळी ३.४ बाय २.८ सेंटिमीटर. मान ३ मिलिमीटर रुंद, १२ लांब. नीला मोकळी, फिस्टुला नाही. भोक कुठे, तर मांडीची मुख्य धमनी जिथे दोन फाट्यांत विभागते त्याच्या किंचित खाली, वरच्या थरातल्या फाट्यावर. हिमोग्लोबिन झटक्याच्या दिवशी १३.१ होतं, आता १०.८.

पर्यायांचा खल हृदयरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद यांच्यात झाला, मी फोनवर होते. वाट बघणं हा खराखुरा पर्याय असतो. पोकळी लहान असेल, २ सेंटिमीटरच्या आतबाहेर, तर त्यातल्या बऱ्याच आपोआप गोठून मिटतात, आठवड्याने पुन्हा डॉपलर करून बघायचं. पण काकांची पोकळी मोठी होती, दुखत होती, आणि दोन-दोन गोळ्या चालू राहणार होत्या. वाट बघून ती मिटण्याची आशा कमी.

दुसरा पर्याय, सोनोग्राफीच्या प्रोबनेच मानेवर दाब देऊन रक्त जाणं थांबवायचं आणि आत गुठळी होऊ द्यायची. ही पद्धत १९९१ साली आली आणि तोवर थेट ऑपरेशन टेबलावर जाणारे कितीतरी रुग्ण तिने वाचवले. मात्र दहा-दहा मिनिटं, पुन्हा पुन्हा, दुखऱ्या जागेवर जोर लावायचा. रुग्ण रडकुंडीला येतो, डॉक्टरचा हात भरून येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यश कमी. त्यातून जांघेत जोराची कळ उठली की काहींची नाडी एकदम मंदावते आणि रक्तदाब पडतो. आठवड्यापूर्वी हृदयाच्या खालच्या भागाला झटका आलेल्या माणसावर हा प्रयोग कुणालाच नको होता.

ऑपरेशन राखून ठेवलेलं. गाठ झपाट्याने वाढली, वरची कातडी काळी पडू लागली, जंतुसंसर्ग झाला, मज्जातंतू दबला किंवा पाय गार पडला तर. यातलं काही नव्हतं.

उरलं थ्रॉम्बिन. रक्त गोठवणाऱ्या साखळीतलं हे शेवटच्या टप्प्यातलं एन्झाइम. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, करतं. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई पोकळीत न्यायची आणि थेंबाथेंबाने सोडायचं. खोट्या फुगवट्यात थेट थ्रॉम्बिन टोचल्याची पहिली नोंद १९८६ची. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली ही पद्धत १९९७च्या सुमारास रुळली. बहुतेक अहवालांत ९० टक्क्यांहून जास्त यश आहे.

इथे मुलाने विचारलेला प्रश्न अतिशय नेमका होता. ‘एका हाताने रक्त पातळ ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने गोठवायचं औषध टोचायचं? ते स्टेंटपर्यंत गेलं तर?’ रेडिओलॉजिस्टने त्याला पडद्यावरच दाखवलं. सुईचं टोक मानेपासून लांब, पोकळीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवतात. औषध अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास. थोडं धमनीत निसटलंच तर वाहत्या रक्तात ते पातळ होतं आणि रक्तातली गोठणविरोधी द्रव्यं त्याला निकामी करतात. निसटलं तर ते जाणार खाली पायाकडे, हृदयाकडे नाही. त्यामुळे धोका असतो तो पावलाचा, आणि त्यासाठीच आधी आणि नंतर पावलावरच्या नाड्या बघायच्या. बॉलपेनच्या फुल्या तिथे कामी आल्या. मान रुंद आणि आखूड असेल तर हा धोका वाढतो. काकांच्या पोकळीची मान अरुंद होती, हे नशीब. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारून घेतली : आधी कधी थ्रॉम्बिन दिलंय का? गायीच्या रक्तापासून काढलेलं थ्रॉम्बिन दुसऱ्यांदा टोचताना ॲलर्जी होऊ शकते.

औषध रात्री हाताशी नव्हतं, सकाळी आलं. रात्र पाय सरळ ठेवून, दर दोन तासांनी गाठीची कडा पेनाने आखून काढली. सकाळी दहाच्या सुमारास टोचलं, १००० युनिट प्रति मिलिलिटरचं ०.४ मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट. मुलगा बाहेर काचेतून पडद्याकडे बघत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लाल-निळं फिरत होतं आणि मग नव्हतं. सुई घालायला जितका वेळ लागला त्याच्या निम्माही गोठायला लागला नाही. सहा तास सपाट झोप, दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉपलर, पोकळीत प्रवाह नाही, धमनी मोकळी. टिकाग्रेलॉरचा एकही डोस या काळात चुकवला नाही.

विमा कंपनीने ही दुसरी भरती पहिल्याच पॅकेजमध्ये धरायची की वेगळी, यावर दोन आठवडे पत्रव्यवहार केला. त्याची हकिकत लिहायला बसले तर हे प्रकरण बाजूला राहील.

भोक का मिटलं नाही

काकू पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या : ते स्वतः जिने चढले म्हणून झालं का? उत्तर सरळ ‘हो’ नाही.

धमनीत सुई घालून, तिच्यातून तार सरकवून, तारेवरून नळी आत नेण्याची युक्ती स्वेन सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली मांडली. १९७७ साली झुरिकमध्ये अँड्रियास ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली तीही जांघेतूनच. नेहमीची ६ फ्रेंच मापाची शीथ आतून २ मिलिमीटर असते, बाहेरून अडीचच्या वर. एवढं भोक धमनीला पडतं आणि ते दाबूनच बंद करायचं असतं. दाबायला मागे काहीतरी टणक हवं. मांडीची मुख्य धमनी खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्यावरून जाते, तिथे सुई लागली तर हाताखाली धमनी आणि तिच्यामागे हाड, दाब पक्का बसतो. दोन फाटे झाल्यावर खाली हाड मागे राहत नाही, नुसते मऊ स्नायू. तिथे २० मिनिटं दाबलं तरी अर्धा जोर वाया जातो. काकांचं पोट सुटलेलं, आणि अशा माणसांत जांघेची घडी खाली ओघळलेली असते. घडी बघून सुई घातली तर ती हमखास खाली लागते. सोनोग्राफीत बघून सुई घातली की हे पुष्कळ टळतं. मध्यरात्रीच्या किंवा पहाटेच्या झटक्यात, बंद धमनी उघडायची घाई असताना, प्रत्येक ठिकाणी ते होतंच असं नाही. यात कुणाला दोषी धरावं असं मला वाटत नाही. त्याच घाईने त्यांचं हृदय वाचवलं.

वर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, दोन गोळ्या, मधुमेहाने कडक झालेली धमनी. जिने आणि बैठा संडास यांचा नंबर त्यानंतर. उकिडवं बसताना जांघ पूर्ण दुमडते, कुंथताना धमनीतला दाब चढतो, आणि त्या दोन्ही गोष्टी नुकत्या बसलेल्या खपलीवर एकदम आल्या. पहिले आठ-दहा दिवस खुर्चीचा कमोड भाड्याने आणला असता, रात्री इसबगोल दिलं असतं, जिना एकदाच आणि डावा पाय पुढे टाकत, मजल्यामजल्यावर थांबत चढला असता, तर कदाचित ती खपली टिकली असती. कदाचित नसतीही. ठाणे-कळव्याच्या जुन्या चाळीतून आणि बिनलिफ्टच्या इमारतींतून राहणाऱ्याला हे सुटीच्या वेळी विचारायला हवं : किती मजले, संडास कसला. मधुमेह किती वर्षं हे सगळे विचारतात.

मनगटाची वाट बरी ती याचमुळे. तिथली धमनी वरच्यावर असते, मागे हाड असतं, आणि हाताला दुसरी धमनीही रक्त पुरवते. मॉन्ट्रियलच्या ल्युसियाँ काँपो यांनी १९८९ साली मनगटातून अँजिओग्राफीचे अनुभव छापले, ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी १९९२ साली तिथून अँजिओप्लास्टी केली. दोन्ही वाटांची तुलना करणाऱ्या २०११ सालच्या ‘रायव्हल’ चाचणीत ७ हजारांवर रुग्ण होते. बंद करावा लागला असा खोटा फुगवटा जांघेच्या गटात ०.६ टक्के, मनगटाच्या गटात ०.२ टक्के. म्हणजे दोन्हीकडे विरळा, पण एकीकडे तिप्पट. मनगटालाही आपली दुखणी आहेत : धमनी बंद पडते, कधी हाताच्या स्नायूंत रक्त साठतं. बंद पडलेली धमनी रुग्णाला बहुधा कळतही नाही.

गाठ लगेच विरघळली नाही. गोठलेलं रक्त शोषलं जायला वेळ लागतो. महिन्याने ती दीड सेंटिमीटरची टणक गोळी होती, दुखत नव्हती, उडत नव्हती, आवाज नव्हता. काकूंना ती हाताला लागली की धास्ती वाटे, म्हणून त्यांना बोटं कशी ठेवायची ते शिकवलं : दूर सरकतात का, एवढंच बघायचं. मावशींनी साताऱ्याहून आंबेहळद पाठवली होती. कातडी शाबूत होती, लेपाने आत काही बिघडणार नव्हतं, पण चोळून लावतात म्हणून मी नको म्हटलं.

दुसऱ्या अडथळ्याची अँजिओप्लास्टी सहा आठवड्यांनी ठरली. आदल्या दिवशी मुलगा डॉक्टरांना भेटून आला, या वेळी डाव्या मनगटातून करू असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी घरी निघण्याआधी मुलाने निवासी डॉक्टरांना मनगटाची नाडी तपासायला लावली आणि ती लागते आहे असं कार्डावर मराठीत लिहून घेतलं.